हौसामावशींचं ‘न्हाई’

पॉलिहाऊसच्या दाराशी चपला काढून मी आत पाऊल टाकलं, तेव्हा पन्नाशी उलटलेली एक काटक बाई टेबलावरच्या कुंड्यांच्या रांगेखाली उकिडवी बसली होती. कुंडीच्या बुडातून पाणी ठिबकत होतं. तिने त्याखाली बोट धरलं, जिभेला लावलं, क्षणभर डोळे मिटले आणि बाजूच्या डब्यात थुंकली. मग पुढची कुंडी. पुन्हा बोट, पुन्हा जीभ.

माझा नोकरीचा पहिलाच दिवस होता. त्या पाण्यात मीठ असतं, खतं असतात, हे मला ठाऊक होतं. मी ओरडलेच, “अहो मावशी, काय करताय हे?”

“पानी बगते.” तिने मान वर केली. “ही तीन नंबरच्या टाकीची रांग. आज मीठ कमी पडलंय हिच्यात.”

मी पिशवीतून क्षार मोजायचं मीटर काढलं, तीन नंबरच्या टाकीत बुडवलं. ठरलेल्या मापापेक्षा खरंच कमी होतं. मी मीटर पुसून पुन्हा बुडवलं. आकडा तोच. मावशी तोवर पुढच्या रांगेला गेल्या होत्या. मीटर काय म्हणालं, हे विचारायचीसुद्धा त्यांना गरज वाटली नाही.

हौसाबाई ओव्हाळ. राहणार बेडसे. लेण्यांच्या डोंगराखाली त्यांचं घर. सकाळी पहिल्या जीपने कामशेतला यायच्या आणि तिथून पायी आमच्या केंद्रावर. केंद्र म्हणजे दोन पॉलिहाऊस, एक खोलीवजा प्रयोगशाळा आणि पत्र्याची एक शेड. काम शुगरबीटचं, म्हणजे साखर ज्याच्यातून निघते त्या पांढऱ्या बीटाचं. खाली कृष्णाकाठी पाणी देऊन देऊन जमिनी फुटल्या आहेत, वर मिठाचा पांढरा थर आला आहे, तिथे ऊस जळतो. बीट जगेल का, आणि जगलं तर कोणत्या वाणाचं, हे आम्ही पाहत होतो. मावळच्या भाताच्या मातीला खारेपणा माहीत नाही. म्हणूनच इथली माती कुंड्यांत भरायची, बारा वाण लावायचे आणि मीठ आपल्या मापाने द्यायचं. चार टाक्या होत्या. कागदावर त्यांना आकडे होते. मावशी म्हणायच्या गोडं, खारट, खारं आन् लय खारं.

वाणांनाही कागदावर आकडेच होते. मावशींनी बाराही जणांना नावं ठेवली होती. सातवा वाण रुंद पानांचा, शेजारच्या कुंडीवर हात पसरून बसणारा. तो त्यांची ‘मुकादमीण’. तिसरा दुपार झाली की माना टाकायचा, संध्याकाळी पुन्हा उभा राहायचा. ती ‘रडकी’. पहिल्या महिन्यात मी वहीत आकडे लिहायचे आणि त्या बाजूला उभ्या राहून नावं सांगायच्या. नंतर नंतर माझ्याही तोंडी तीच नावं बसली. एकदा डॉ. इनामदारांना, म्हणजे आमच्या प्रमुखांना, मी “सर, रडकीची पानं जाड होताहेत” असं सांगून बसले. सर चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. मावशी मागे तोंडाला पदर लावून हसत होत्या.

त्या दिसायला प्रेमळ होत्या. पण रोपांवर त्यांची माया असेल असं मी धरून चालले, ती माझी चूक. बी उगवल्यावर प्रत्येक कुंडीत तीन-चार रोपं येतात, त्यातलं एक ठेवून बाकीची उपटायची असतात. माझा हात धजत नव्हता. कुठलं ठेवू, कुठलं काढू. मावशी आल्या, मला बाजूला केलं आणि अर्ध्या तासात तीन टेबलं साफ केली. चिमटीत धरून कचाकच. जिवंत, हिरवी, नुकती दोन पानं फुटलेली रोपं घमेल्यात पडत होती. मी हबकून बघत राहिले.

“जीव कसा होतो हो तुमचा?”

“म्याडम, चार ठिवली तर चारी मरतील. दया करायची तर पेरताना करायची. दोन दाणे कमी टाकायचे.”

मिठाचं झाडावर काय होतं, हे मी पुस्तकांतून शिकून आले होते. मावशींनी ते एका वाक्यात संपवलं. “बीट बाळपणी मीठ सोसत न्हाई. येकदा थोर झालं की मीठ-भाकर खातं.” नंतर मी पाहिलं, अगदी तसंच. लय खाऱ्या पाण्यात निम्मं बी उगवतच नसे. जे उगवे त्याची पानं लहान, गडद आणि कडेला भाजल्यासारखी. पण पहिला दीड महिना जो टिकला, तो पुढे तग धरायचा.

लोणावळ्याला निघालेल्या मोटारी कधीकधी पॉलिहाऊस बघून आत वळायच्या. कुणाला वाटायचं इथे स्ट्रॉबेरी मिळते. एका शनिवारी मोठी गाडी आली. काळे चष्मे लावलेली चार माणसं थेट दार ढकलून बुटांसकट आत शिरली. मावशी आडव्या उभ्या राहिल्या.

“पायताण भायेर.”

“अरे मावशी, बस देखना है. स्ट्रॉबेरी है क्या?”

“हाय की. बूट काढा, देते.”

त्यांनी खरंच बूट काढले. मावशींनी लय खाऱ्या पाण्यातल्या, प्रयोगातून बाद झालेल्या बीटाच्या चार फोडी कापून प्रत्येकाच्या हातावर ठेवल्या. पहिल्याने चावली आणि त्याचं तोंड जे झालं ते मी विसरणार नाही. गोड आणि खारट एकदम. मावशी गंभीरपणे म्हणाल्या, “स्ट्रॉबेरी माबळेश्वरला. हितं आमी बिटाला तरास देतो.”

त्या सगळ्यांना ‘जयभीम’ म्हणायच्या, सरांना आणि दूधवाल्यालाही. घरात त्यांच्या बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली मुलीची नर्सिंगची पदवी. वर्षात एकच हक्काची रजा त्या मागायच्या, सहा डिसेंबरची. दादरला जाऊन यायच्या. त्या रजेच्या दिवशी मी जे केलं, त्यावरून पुढचं सगळं घडलं.

त्या वर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला अवकाळी वारा-पाऊस झाला आणि पॉलिहाऊसच्या एका कोपऱ्याचं प्लास्टिक फाटलं. नेमक्या तिथेच सातव्या वाणाच्या, मुकादमिणीच्या, पेरून तीनच आठवडे झालेल्या लय खाऱ्या पाण्यावरच्या कुंड्या होत्या. वरून पावसाचं पाणी पडलं तर प्रयोग बिघडेल म्हणून मी घाईघाईने त्या पलीकडच्या टेबलावर हलवल्या आणि टेबलाजवळ आलेल्या पाईपला त्यांच्या ठिबकच्या नळ्या जोडून टाकल्या. पाईपांवर रंगीत फिती असायच्या, गोड्याला निळी, लय खाऱ्याला लाल. उन्हाने त्या फिक्या पडल्या होत्या. मला लाल वाटली.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या. “कुंड्या हलवल्या व्हय? पाईप मी बगू का येकदा?”

“नको, जोडलंय मी,” मी म्हटलं.

आणि त्याच आठवड्यात मावशींना चक्कर आली. कामशेतच्या डॉक्टरांनी रक्तदाब बघितला आणि मीठ बंद सांगितलं. नर्स मुलीने आईचं बोट-जिभेचं प्रकरण ऐकलं तेव्हा ती हादरलीच. तिने आईला शपथ घातली. मावशींनी पाणी चाखणं सोडलं. मी रोज टाक्यांतलं पाणी मोजत होते. कुंडीखालचं कधी मोजलं नाही. ते मावशी बघतात, असंच मी मनात धरून होते.

मुकादमीण वाढली. दर आठवड्याला मी तिच्या पानांचं माप घ्यायचे आणि आकडे बघून माझाच विश्वास बसत नसे. एवढ्या मिठात एवढी वाढ! सर रोज येऊन तिच्यापुढे उभे राहायचे. माणूस वाईट नव्हता. वीस वर्षं त्याने या एका गोष्टीची वाट पाहिली होती. फेब्रुवारी संपता संपता त्यांनी कृष्णाकाठचे शेतकरी पाहणीला बोलावले. बियाणं पुरवणारे लोकही त्याच दिवशी यायचे होते. शेतकऱ्यांची नावं नोंदवून पुढच्या हंगामाला बी द्यायचं ठरलं. पाहणी, जेवण आणि मग लोणावळा, असा कार्यक्रम.

पाहणीच्या सकाळी मावशी कुंड्या पुसायला लवकर आल्या. मी पोचले तर त्या दारातच उभ्या होत्या. हातात ओला फडका.

“म्याडम, हितं या.”

त्यांनी मला लय खाऱ्या पाण्याच्या इतर कुंड्या दाखवल्या. बुडाशी, भोकाभोवती मिठाचा पांढरा थर होता, बोटाने खरवडला की भुगा पडायचा. मग मुकादमिणीच्या कुंड्या. स्वच्छ. मातीचा नुसता ओलसर डाग.

“मी चाखलं,” त्या म्हणाल्या. “पोरीची शपथ मोडली. गोडं हाय. मीटर लावा.”

मी मीटर लावलं. गोडं. दुसरी कुंडी, गोडं. मी टेबलाखाली वाकून पाईपाचा माग काढत गेले आणि निळ्या टाकीपाशी पोचले. मी तिथेच खाली बसले. अडीच महिने ती झाडं गोड्या पाण्यावर वाढली होती. माझ्या हाताने.

सर आले तेव्हा आम्ही दोघींनी त्यांना सांगितलं. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग कठीण झाला. ते म्हणाले, “बस वडगावपर्यंत आली आहे. आज पाहणी होऊ दे. नंतर बघू.”

“साहेब, पर त्ये लोक…” मावशी म्हणाल्या.

“नंतर बघू म्हटलं ना, मावशी!”

मी मीटर पुसून पिशवीत टाकलं.

तीस-पस्तीस माणसं आली. सगळ्यांनी दारात चपला काढल्या. सर बोलत होते आणि छान बोलत होते. मुकादमिणीच्या टेबलापाशी आल्यावर ते थांबले. “हा सातवा वाण. सगळ्यात खाऱ्या पाण्याची ही रांग.” लोकांत कुजबुज झाली. शेजारच्या रांगांतली खुरटी, कडा जळालेली बीटं आणि ही रुंद हिरवी पानं. एकाने हात जोडले.

गर्दीतली एक बाई पुढे झाली. चाळिशीची, हातावर भेगा. नंतर कळलं, शालनताई. नवरा गेल्यापासून एकटीने शेती बघत होती. ती कुंडीशी बसली, पानाचा देठ चाचपला आणि सरांकडे न बघता कोपऱ्यात उभ्या असलेल्या मावशींकडे बघून म्हणाली, “मावशी, ही झाडं तुमच्या हातची न्हवं? माझं दोन एकर पांढरं पडलंय. त्यात पाच वर्षं कायबी उगवंना. मला लिवता वाचता येतंय, पर ह्यातलं कळत न्हाई. तुमी सांगा. लावू का?”

“अहो, लावा की, त्यासाठीच तर…” सर म्हणाले.

“न्हाई,” मावशी म्हणाल्या.

आवाज मोठा नव्हता. पण पॉलिहाऊसमध्ये असं काही झालं की ठिबकचं टपटपणंसुद्धा मला ऐकू येऊ लागलं.

“ह्या कुंड्या गोड्या पान्यावर वाडल्यात. अडीच म्हैनं. मिठात ही जगंल का मरंल, आमाला बी ठावं न्हाई.”

सर हसले. ते हसणं फार वाईट होतं. “मावशींचा काहीतरी गैरसमज झालाय. या आमच्या मॅडम रोज पाणी मोजतात.” आणि ते माझ्याकडे वळले. “मोजलंय ना तुम्ही?”

सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. हो म्हणता येईना, नाही म्हणता येईना.

मावशींनी माझ्याकडे एकवार पाहिलं. थांबल्या. मला वेळ दिला, हे मला आता कळतं. मग त्या लोकांकडे वळल्या.

“त्यांनी आज सकाळी मोजलं. गोडं निघालं. पाईप त्यांनी चुकीचा जोडला. आन् मी रोज चाखायची, ती चाखायची सोडली. दोगींची चूक हाय.”

मला थोबाडीत बसल्यासारखं झालं. खरं सांगायचं तर, त्या क्षणी मला मावशींचा राग आला. शरम नंतर आली. एवढ्या लोकांत माझं नाव कशाला घ्यायचं? नुसतं ‘चूक झाली’ म्हणता आलं असतं. कित्येक दिवस मी तेच मनात घोळवत होते. त्यांनी स्वतःचंही नाव घेतलं होतं, तेवढ्याच आवाजात, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

सर एका पालथ्या क्रेटवर बसले. बियाणंवाल्यांपैकी एक जण फोनवर बोलत बाहेर गेला. मग सर उठले आणि शालनताईंना म्हणाले, “बाई, आज नाव देऊ नका. कुणीच देऊ नका. आम्ही पुन्हा करून बघतो.”

शालनताईंनी जाताना माझा नंबर घेतला. “पुना केल्यावर कळवा,” म्हणाल्या. मी हो म्हटलं.

महिन्याभराने मुख्य कार्यालयातून पुढच्या वर्षीच्या कर्मचाऱ्यांची यादी आली. तिच्यात हौसाबाई ओव्हाळ हे नाव नव्हतं. माझं होतं.

मी यादी दोनदा वाचली. वाटलं, टाइप करताना राहिलं असेल. सरांकडे गेले. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “वरून आलंय. पाहुण्यांसमोर बोलल्या, ते वर आवडलेलं नाही. मी लिहिलं होतं, उपयोग झाला नाही.”

“मग मीही जाते,” मी म्हटलं.

“जा. पण मग प्रयोग पुन्हा कोण करणार?”

आणि मी राहिले. त्याला मी बरीच कारणं दिली, सगळी चांगली होती. पण मी राहिले, एवढंच खरं.

मावशींनी कुणाशी वाद घातला नाही. शेवटच्या दिवशी डबा धुतला, फडके वाळत घातले, सगळ्यांना जयभीम केला. मला म्हणाल्या, “फिती बदला. लाल-निळ्या उनात टिकत न्हाईत. गाठी मारा. येक गाठ, दोन गाठी. हाताला कळतं.” आणि कामशेतच्या रस्त्याने चालू लागल्या.

दिवाळीनंतर मी पुन्हा सगळं पेरलं. या वेळी रोज सकाळी प्रत्येक कुंडीखालचं पाणी मोजत होते. पाईपांना गाठी मारल्या होत्या. चौथ्या आठवड्यात एका सकाळी दार उघडलं आणि जागीच थांबले. लय खाऱ्या पाण्यावरची मुकादमीण झोपली होती. सगळ्याच्या सगळ्या कुंड्या. पानं कडेपासून आत जळत गेलेली, देठ लिबलिबीत. पुढच्या आठवड्यात एकही उरली नाही. बारा वाणांत सगळ्यात आधी तीच गेली. मी त्या रिकाम्या कुंड्यांकडे बघत होते आणि मला दोन एकर पांढरं रान दिसत होतं. त्यात हेच बी, त्या बाईच्या हातचं. सर शेजारी येऊन उभे राहिले.

रडकी मात्र राहिली. दुपारी माना टाकत, संध्याकाळी उठत, मार्चपर्यंत. काढली तेव्हा कंद लहान होता, पण होता. घट्ट, पांढरा.

एप्रिलमध्ये मी कामशेतला बाजारात गेले होते. पवनानगरच्या जीपा उभ्या असतात तिथे हौसामावशी दिसल्या. आत चार माणसं बसली होती, ड्रायव्हर आणखी गिऱ्हाइकांची वाट बघत होता. मावशी जीपला टेकून उभ्या होत्या, पायाशी भाजीच्या रोपांचा ट्रे. त्या आता बेडश्याच्या अलीकडे एका रोपवाटिकेत जात होत्या.

वर्षभर त्यांच्या घरी जायचं मी ठरवत होते आणि जात नव्हते. आता समोरासमोर काय बोलावं कळेना. मी एका दमात सगळं सांगून टाकलं, मुकादमीण गेली, रडकी राहिली. मग म्हटलं, “मावशी, चूक दोघींची होती. काढलं मात्र तुम्हालाच. मला फार…”

“मी साहेबाच्या जागी असते,” त्यांनी मला मध्येच तोडलं, “तर दोगींना बी काढलं असतं.”

त्या हसत नव्हत्या. रागावलेल्याही नव्हत्या.

“त्या बाईला कळवलं का?” त्यांनी विचारलं.

“कुणाला?”

“दोन एकरवाली. पुना केल्यावर कळवा म्हणाली व्हती. तुमी व्हय म्हणालात.”

प्रयोग संपून महिना झाला होता. अहवाल गेला होता. सरांच्या सह्या झाल्या होत्या. तिला मात्र मी कळवलं नव्हतं.

“लावा फोन,” मावशी म्हणाल्या. “आत्ता लावा. मी हाय हितं.”

ड्रायव्हरने हॉर्न दिला. मावशींनी नुसता हात वर करून त्याला थांबवलं. मी नंबर शोधला, लावला. तिकडून उचलला गेला. मी कसंबसं म्हटलं, “मी कामशेतवरून बोलतेय, तुम्ही बीट बघायला आला होता…” तोवर शालनताई म्हणाल्या, “ती न्हाई म्हणणारी मावशी हाय का तितं?”

मी फोन मावशींच्या हातात दिला.

“जयभीम, बाई. ती मोटी पानावाली मेली. व्हय. समदी. दुसरी येक हाय, बारकी… न्हाई, मी लावा म्हणनार न्हाई. येका कोपऱ्यात लावून बगा, मग ठरवा… काय? रान तसंच ठिवलंय? वरीसभर? आमच्या निरोपासाठी?” कितीतरी वेळ नुसत्या ऐकत होत्या. मग पदराने डोळा टिपला. एवढ्या दिवसांत मी ते पहिल्यांदा पाहत होते.

ड्रायव्हरने गाडी चालू केली. मावशी ट्रे उचलून आत चढल्या, फोन अजून कानाशी. “थांबा, म्याडमला देते,” म्हणत त्यांनी चालत्या जीपच्या खिडकीतून हात बाहेर काढला. मी दोन पावलं धावले आणि फोन घेतला. जीप वळली. मागच्या बाकावर त्यांचं डोकं आणि मांडीवरची हिरवी रोपं तेवढी दिसली, मग ट्रक आडवा आला.

“हॅलो? कोण बोलतंय?” फोनमध्ये शालनताई विचारत होत्या. “मावशी हायत का?”

“मावशी जीपने गेल्या,” मी म्हटलं. “मी स्वाती. तो पाईप मी चुकीचा जोडला होता.”